मावळ्याच्या अंगरख्याचा रंग कोणता?

दिवाळी जवळ आली की पुण्यात, साताऱ्यात, कोल्हापुरात रस्त्याच्या कडेला मावळे मांडले जातात. बरेचसे प्लॅस्टरचे, थोडे मातीचे. लाल पागोटं, पिवळा नाहीतर पांढरा अंगरखा, हातात सोनेरी रंगात बुडवलेली तलवार. डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके, आणि घाईत मारले असतील तर त्यातला एक कपाळावर. पोरं दहा-पंधरा विकत घेतात, मातीच्या किल्ल्यावर अळीव पेरलेल्या उतारावर उभे करतात, आणि चार दिवस सगळं शहर शिवकाळात जातं. मला हे मनापासून आवडतं. यात नाक मुरडण्यासारखं काही नाही.

पण कधी त्या विक्रेत्याला, किल्ला करणाऱ्या पोरांना, किंवा किल्ले स्पर्धेच्या परीक्षकांना एक साधा प्रश्न विचारून बघा. या मावळ्याच्या अंगरख्याचा रंग कोणता होता? सगळ्यांचा एकच होता का? ज्याच्या हातात तोड्याची बंदूक असायची त्याच्या कमरेला काय काय लटकलेलं असायचं? १६७० सालचा मावळा आणि १७६१ चा पानिपतावरचा शिपाई एकाच कपड्यांत होते का? उत्तर येत नाही. बहुतेक वेळा "काय फरक पडतो राव" असं येतं.

फरक पडतो. तोच सांगायला हे लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

मी गेली बरीच वर्षं फावल्या वेळात छोटे सैनिक रंगवतो. जगभर याला मिनिएचर वॉरगेमिंग म्हणतात. साधारण २८ मिलिमीटर उंचीचा, म्हणजे अंगठ्याच्या एका पेरापेक्षा जरासा मोठा सैनिक. धातूचा, प्लॅस्टिकचा किंवा हल्ली रेझिनचा. असे पन्नास-शंभर, कधी चारपाचशे रंगवायचे, मोठ्या टेबलावर डोंगर-नद्या-गावं मांडायची आणि समोरच्या माणसाशी फासे टाकून, फूटपट्टीनं अंतरं मोजून लढाई खेळायची. बुद्धिबळाचा दूरचा भाऊ म्हणा. प्रशियाच्या सैन्यात १८२४ च्या सुमारास राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं नकाशावर खेळायचा असा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी वापरात आणला. पुढं एच. जी. वेल्सनं १९१३ मध्ये घरातल्या जमिनीवर शिशाचे सैनिक मांडून खेळायचे नियम पुस्तकात लिहिले. म्हणजे नुसता पोरखेळ म्हणून उडवून लावण्यासारखं हे प्रकरण नाही. घरचे "बाहुल्या रंगवत बसलाय" म्हणतात ते वेगळं. त्यांचंही चूक नाही म्हणा.

रंगवायची पद्धत थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यातूनच निघतो. आधी अस्तर, म्हणजे प्रायमर. मग कपड्यांचा, कातडीचा, चामड्याचा पहिला हात. रंग पाण्यानं इतका पातळ करायचा की दोन-तीन हात दिल्याशिवाय तो बसतच नाही. जाड मारला की चेहऱ्यावरचं नाकडोळं बुजलंच. मग 'वॉश', म्हणजे काळपट-तपकिरी पातळ पाणी, जे अंगरख्याच्या चुण्यांत आणि बोटांच्या फटींत जाऊन बसतं आणि सावली आपोआप पडते. मग उंचवट्यांवर फिकट रंगाच्या रेघा. शेवटी डोळे. एक मिलिमीटरपेक्षा कमी जागेत पांढरं बुबुळ आणि त्यात काळी बाहुली. श्वास रोखावा लागतो. तो दोन-तीन तासांत एक सैनिक होतो. चोवीस जणांची एक तुकडी म्हणजे नोकरी सांभाळून दोन-तीन आठवड्यांच्या संध्याकाळी.

आता गंमत बघा. पुस्तक वाचताना "शिंद्यांची कवायती पलटण पुढे सरसावली" हे वाक्य तुम्ही अर्ध्या सेकंदात ओलांडता. ब्रश हातात असला की ते ओलांडता येत नाही. कोट कुठल्या रंगाचा? बाही कोपरापर्यंत की मनगटापर्यंत? पायात जोडा की अनवाणी? काडतुसांची पेटी उजव्या कुशीला की डाव्या? पागोट्याला पट्टी आहे का? प्रत्येक चौरस मिलिमीटरवर काहीतरी रंग लावावाच लागतो. "माहीत नाही" असा रंग बाटलीत मिळत नाही. लेखक गाळू शकतो, वक्ता टाळ्या घेऊन पुढं जाऊ शकतो, रंगवणाऱ्याला पळवाट नाही.

आणि इथंच आपली अडचण सुरू होते.

पुण्या-मुंबईत हल्ली कल्पित विश्वातले सैनिक रंगवणारी बरीच पोरं आहेत. वॉरहॅमर म्हणजे काय ते त्यांना विचारा. चाळीस हजार सालातलं काल्पनिक युद्ध, त्यात राक्षसासारखे चिलखतधारी योद्धे. एकविसाव्या वर्षाचा मुलगा तुम्हाला झोपेतून उठवलं तरी सांगेल की अल्ट्रामरीन्स निळे, ब्लड एंजल्स लाल, इंपीरियल फिस्ट्स पिवळे. कुठल्या तुकडीच्या खांद्यावर कुठली खूण, अधिकाऱ्याच्या शिरस्त्राणाला कुठला रंग, सगळं छापील पुस्तकांत आहे. हे विश्व चालवणारी गेम्स वर्कशॉप ही इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची कंपनी. १९७५ मध्ये तीन मित्रांनी सुरू केली; डिसेंबर २०२४ मध्ये ती लंडन शेअर बाजारातल्या सगळ्यात मोठ्या शंभर कंपन्यांच्या यादीत जाऊन बसली. वर्षाची उलाढाल पन्नास कोटी पौंडांच्या वर. छोटे सैनिक आणि रंगाच्या बाटल्या विकून!

त्या पोरांवर माझा काडीचाही राग नाही. त्यांच्यातल्या काहींचा हात माझ्यापेक्षा कितीतरी सरस आहे. पण विचार करा: जे सैन्य कधी अस्तित्वातच नव्हतं, त्याच्या गुडघ्याच्या वाटीचा रंगसुद्धा ठरलेला आणि छापलेला आहे. आणि जे सैन्य खरोखर अटकेपर्यंत गेलं, त्यातल्या साध्या शिपायाचं अंग आपण दरवर्षी लाल-पिवळ्या ऑइलपेंटमध्ये बुडवून काढतो. ज्या समाजात इतिहासावरून दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या भावना दुखावतात, त्या समाजात हे चालतं. भावना आहेत, बटणांची माहिती नाही.

साधनं अजिबात नाहीत असंही नाही. इटालियन प्रवासी मनुचीनं मीर मुहम्मद नावाच्या चित्रकाराकडून काढून घेतलेलं चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे: घोड्यावर महाराज, भोवती पायी चालणारे शिपाई. महाराजांच्या काळाला इतकं जवळचं, आणि त्यात साधी माणसं दिसतात! आपण त्यातले महाराज कापून पोस्टरवर घेतले, शिपाई तिथंच राहिले. पुण्यात पेशवे दफ्तराचे रुमालच्या रुमाल आहेत. १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ कागद गोळा करतंय. केळकर संग्रहालयात शस्त्रं, कपडे, रोजच्या वापरातल्या वस्तू आहेत. पण मोडी वाचणारे मोजके, आणि जे वाचतात त्यांना तह, सनदा, पत्रव्यवहार या मोठ्या गोष्टींतून फुरसत नाही. कुठल्या कारखान्यासाठी किती थान कापड आलं, रंग कुठला, शिलाईला किती पडले, हे शोधून एका जागी, चित्रांसह, सामान्य माणसाला कळेल असं मांडायला कुणी पैसे देत नाही. त्यात उद्घाटनाची फीत नसते ना.

एक उदाहरण घेऊन बोलतो. असई.

जालना जिल्ह्यात भोकरदनकडं, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातलं गाव. २३ सप्टेंबर १८०३. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसल्यांचं सैन्य, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, जो पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवून ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगप्रसिद्ध झाला. आपल्यातल्या कितीजणांनी शाळेत ही लढाई नीट शिकली? मला तरी "दुसरे इंग्रज-मराठा युद्ध, कारणे व परिणाम" यापलीकडं काही आठवत नाही.

मी ही लढाई टेबलावर मांडायला घेतली. एका बाहुलीमागं वीस खरी माणसं असा हिशेब धरला. शिंद्यांचं कवायती पायदळ दहा हजारांच्या आसपास, म्हणजे पाचशे सैनिक. वेलस्लीची प्रत्यक्ष लढलेली माणसं साडेचार हजारांच्या घरात, म्हणजे सव्वादोनशे. घोडदळ वेगळं. यादी करायला बसलो आणि शाळेतलं चित्र एकेका ओळीला फुटत गेलं.

शिंद्यांच्या पलटणी 'मराठ्यांच्या' होत्या खऱ्या, पण रांगेत उभे असलेले शिपाई मोठ्या प्रमाणात उत्तर हिंदुस्थानातले, पुरभय्ये. पलटणींचा सरदार पोलमन, मूळचा हॅनोव्हरचा. सोबत बेगम समरूच्या पलटणी. तोफांवर निरनिराळ्या जातीधर्मांचे गोलंदाज. म्हणजे पाचशे चेहरे एकाच रंगानं रंगवून चालणार नाही, पाचशे कपाळांवर एकच गंध काढून तर मुळीच नाही. समोर बघा. वेलस्लीच्या बाजूला दोन स्कॉटिश पलटणी, ७४ वी आणि ७८ वी. पण पायदळातल्या बाकीच्या पलटणी मद्रासेकडच्या देशी शिपायांच्या. आणि नदीच्या दक्षिणेला, शत्रूच्या घोडदळावर नजर ठेवायला त्यानं उभं केलेलं दोस्तांचं घोडदळ म्हैसूरचं आणि पेशव्यांच्या बाजूचं. वसईचा तह होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं.

म्हणजे झालं काय, की मराठा शिलेदारांची मी जी खोकी आणली, त्यातले काही घोडेस्वार टेबलाच्या या टोकाला आणि काही त्या टोकाला. तेच घोडे, तेच भाले, तेच पागोटे. हे रंगवताना जे वाटतं ते मी शब्दांत नीट सांगू शकत नाही. 'आपले' आणि 'त्यांचे' ही विभागणी भाषणात फार सोपी असते. एकाच डबीतला रंग दोन्ही बाजूंना लावायची वेळ आली की माणूस गप्प होतो.

पुढचं ऐका. नदीला उतार नाही असं वाटाड्यांनी सांगितलं होतं. वेलस्लीनं दुर्बिणीतून बघितलं, दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. समोरासमोर गावं आहेत म्हणजे मधून ये-जा असणार, असा तर्क करून तो नदी ओलांडून बाजूनं आला. त्याला वाटलं होतं शिंद्यांचं सैन्य गोंधळेल. पोलमनच्या पलटणींनी काय केलं? अख्खी रांग वळवून त्याच्यासमोर नव्यानं उभी केली, दोन नद्यांच्या मध्ये, तोफांसकट. वेलस्लीला त्या सफाईचं आश्चर्य वाटलं होतं. ज्यांनी कधी पन्नास बाहुल्यासुद्धा टेबलावर नव्वद अंशांत वळवल्या असतील त्यांना विचारा हे किती अवघड असतं. शत्रू अंगावर येताना दहा हजार जिवंत माणसांनी ते केलं.

मग तोफा. गोऱ्या पलटणी पुढं निघून गेल्यावर पडून राहिलेले गोलंदाज उठले आणि तोफा फिरवून पाठीमागून मारा सुरू केला. संगीन छातीत जाईपर्यंत बरेचजण तोफेपासून हलले नाहीत. ७४ व्या पलटणीची चाळण झाली. वेलस्लीच्या दोन घोड्यांचा त्याच्याखाली घात झाला. त्याच्या सैन्यात मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांहून जास्त, म्हणजे लढलेल्यांपैकी तिसरा हिस्सा. मराठ्यांच्या ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. शिंदे-भोसल्यांचं प्रचंड घोडदळ मात्र जवळपास बघत उभं राहिलं. आणि पलटणींतले बरेच इंग्रज अधिकारी लढाईच्या आधीच कंपनीच्या आवाहनावरून नोकरी सोडून गेले होते.

लढाईत हरलो. पण ते गोलंदाज! त्या ७४ व्या पलटणीला असईसाठी मानाचं निशाण मिळालं, हत्तीचं चिन्ह मिळालं. आपल्या गोलंदाजांना काय मिळालं? त्यांची नावं सोडा, ते दिसत कसे होते हे आपण दाखवू शकत नाही. माझ्या टेबलावर त्यांचे कपडे मी परदेशी पुस्तकांतल्या, परदेशी चित्रकारांनी काढलेल्या चित्रांवरून रंगवलेत. साचेसुद्धा बाहेरचे. मराठा सैनिक इंग्लंडात ओतला जातो आणि टपालानं महाराष्ट्रात येतो. यावर हसावं की रडावं ते तुम्हीच ठरवा.

छोटे सैनिक म्हणजे इतिहासावरचा दावा असतो, हे इंग्रजांना फार पूर्वी कळलं. विल्यम सायबर्न नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला १८३० मध्ये वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती करायचं काम मिळालं. पठ्ठ्या रणभूमीवर आठ महिने राहिला, जमीन मोजली, हयात असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं लिहून विचारलं की तुमची पलटण अमुक वेळेला नेमकी कुठं होती, समोर काय दिसत होतं. १८३३ मध्ये सरकारनं पैसे देणं बंद केलं तरी कर्ज काढून काम पुरं केलं. सुमारे पंचाहत्तर हजार इवलेसे सैनिक. १८३८ मध्ये लंडनला प्रदर्शन झालं, लोकांनी गर्दी केली. पण तोवर गाडं अडलं होतं ते प्रशियन सैनिकांवरून. निर्णायक घटकेला प्रशियन सैन्य किती जवळ येऊन पोचलं होतं, हे सायबर्ननं माहिती काढून जसं सापडलं तसं दाखवलं, आणि वेलिंग्टनला, म्हणजे असईवाल्याच वेलस्लीला, ते रुचलं नाही. विजयात वाटेकरी दिसत होते ना! अखेर सायबर्नला हजारो प्रशियन सैनिक मॉडेलवरून उचलावे लागले. नखाएवढ्या सैनिकांचं देशाच्या सगळ्यात ताकदवान माणसाला भय वाटलं. ते मॉडेल आजही लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे, आणि सोबत ही भानगडही सांगितली जाते.

आता जरा अलीकडचं. २०१९ मध्ये ग्लासगोच्या विद्यापीठात वॉटर्लूची लढाई टेबलांवर पुन्हा खेळली गेली. वीस हजारांहून जास्त २८ मिलिमीटरचे सैनिक, ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी रंगवून दिलेले. जमलेला निधी माजी सैनिकांना रणभूमीच्या उत्खननात सामील करून घेणाऱ्या एका संस्थेला गेला. कुणी वीस रंगवले, कुणी दोनशे.

आपल्याकडं?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. साल्हेरपासून जिंजीपर्यंत. अभिमानाची गोष्ट आहे, फटाके मीही वाजवले. नोंदीचं नाव 'मराठा मिलिटरी लँडस्केप्स' आहे, लष्करी भूप्रदेश. म्हणजे डोंगर, वाटा, माच्या, बुरूज आणि त्यांच्या आधारानं लढणारी माणसं. आता जगभरातून लोक येतील. त्यांना गडाच्या पायथ्याशी आपण काय दाखवणार? भेळेच्या गाड्या, फायबरची तोफ, सेल्फी पॉइंट, आणि एक पुतळा. पुतळ्यावरून आठवलं: मालवणला राजकोट किल्ल्यावरचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नऊ महिनेही टिकला नाही. त्यावर दोन्ही बाजूंनी जे राजकारण व्हायचं ते झालं, आणि उपाय काय निघाला? आणखी मोठा पुतळा.

पुतळे नकोत असं माझं म्हणणं नाही. पण पुतळा एकाच माणसाचा असतो आणि तो काही समजावून सांगत नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी जावळीच्या खोऱ्याची वीस फुटी प्रतिकृती असेल, खानाच्या छावण्या कुठं, जंगलात दबा धरलेल्या तुकड्या कुठं, इशारा कुठून झाला, हे रंगवलेल्या हजार सैनिकांतून दिसत असेल, तर दहा वर्षांच्या पोराला पाच मिनिटांत जे कळेल ते कुठल्याही लेझर शोमध्ये कळणार नाही. असईला तर रणभूमी आहे तशी पडलीय, दोन नद्यांसकट. एका मध्यम पुतळ्याच्या चौथऱ्याला जेवढा खर्च येतो तेवढ्यात अशी प्रतिकृती, तिची काच, तिचं दालन आणि दोन संशोधकांचा तीन वर्षांचा पगार आरामात भागेल असं माझं मत आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप मला माहीत आहे, कारण तो मला तोंडावर ऐकवला गेलाय. "इतिहासाचा खेळ करता? फासे टाकून मराठे हरवता?" हो. फासे आहेत म्हणजे हरूही शकतात, आणि जिंकूही. माझ्या टेबलावर असईला शिंदे अनेकदा जिंकले आहेत. फक्त त्या उभ्या राहिलेल्या घोडदळाला कुणीतरी वेळेवर हलवायला हवं! हे कळणं म्हणजेच इतिहास कळणं. निकाल आधीच ठरलेला होता, दैवात तसंच होतं, फितुरी झाली म्हणूनच हरलो, नाहीतर आपण अजिंक्यच, असल्या कथांनी माणूस शहाणा होत नाही. पानिपताचं आपण अडीचशे वर्षं रडगाणं गातो. पण १४ जानेवारी १७६१ ला इब्राहिमखान गारद्याची माणसं कुठं उभी होती आणि विश्वासराव पडेपर्यंत लढाई कुणाच्या बाजूला झुकत होती, हे टेबलावर मांडून बघितलेलं पोर रडगाणं गात नाही, प्रश्न विचारतं. श्रद्धेचा मुद्दा असेल तर माझा स्वतःचा एक नियम सांगतो: महाराजांची मूर्ती मी खेळात घेत नाही. माझ्या फाशांना साधा शिपाई पुरेसा आहे. तुमचा नियम वेगळा असू शकतो.

दुसरा आक्षेप पैशांचा. हा छंद महाग आहे, खरंय. फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. हेतू भारतीय खेळणी उद्योगाला उभं करायचा. माझ्या खिशाला कात्री लागली, पण हेतू मला पटतो. प्रश्न एवढाच आहे की ती भिंत बांधून आपण आत काय पिकवलं? रिमोटच्या गाड्या आणि प्लॅस्टिकची स्वयंपाकघरं?

कारण हात तर आपल्याकडं आहेत. पेणला जा. हमरापूर, जोहे या गावांत जा. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारे कारागीर बघा. एका दमात पापणीची रेघ, मग बुबुळ, मग त्यातला प्रकाशाचा ठिपका, आणि मूर्ती तुमच्याकडं बघायला लागते. नॉटिंगहॅमच्या कंपनीत ज्या कौशल्याला मान आणि पगार आहे, तेच हे कौशल्य. मोसम संपला की त्यातल्या कित्येकांचे हात दुसऱ्या मजुरीला लागतात. आणि साच्यांचं म्हणाल तर रेझिनचा थ्रीडी प्रिंटर आता चांगल्या मोबाइलच्या किमतीत येतो. कॉम्प्युटरवर मूर्ती घडवणारी पोरं कला महाविद्यालयांतून बाहेर पडतात आणि परदेशी गेम कंपन्यांसाठी ड्रॅगन घडवतात. त्यांना कुणी मोडी जाणणारा माणूस आणि मीर मुहम्मदच्या चित्राची मोठी छपाई दिली, तर गारदी, गोलंदाज, विटेकरी, शिलेदार, बारगीर, हुजऱ्या, पखालजी, सगळे घडतील. पखालजी विसरू नका. पाणी नसेल तर तोफ थंड होत नाही.

म्हणून या दिवाळीला किल्ले स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना, नगरसेवक व्हायची इच्छा असलेल्या सगळ्या भावी उमेदवारांना, आणि शाळांच्या मुख्याध्यापकांना माझी एक सूचना आहे. बक्षिसांत एक वेगळं बक्षीस ठेवा: मावळ्यांसाठी. किल्ल्यासाठी नाही, मावळ्यांसाठी. अट एकच. मुलांनी दहाच मावळे रंगवायचे, पण प्रत्येकाच्या कपड्याचा रंग कुठून घेतला ते एका कागदावर लिहायचं. चित्र, पुस्तक, संग्रहालयातली वस्तू, घरातल्या पणजोबांची पगडी, काहीही चालेल. "सिनेमात बघितलं" चालणार नाही. रक्कम मोठी नको, पाचशे रुपये पुरे. कुमारवयातल्या पोरांना एकदा खोदायची सवय लागली की ती आपल्याला लाज आणतील इतकं शोधून काढतील.

कसब्यातल्या आमच्या दोन-तीन मंडळांशी बोलणं चालू आहे. एका ठिकाणी होकार आलाय, एका ठिकाणी "साहेबांना विचारून सांगतो" असं उत्तर आहे. परीक्षक म्हणून मी फुकट येईन, भिंग घेऊन येईन.

आणि एक विनंती, विशेषतः मराठवाडा, नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा, तंजावर इकडच्या मराठी मंडळींना. घरात पूर्वजांचा अंगरखा, कमरबंद, पागोटं, तोड्याच्या बंदुकीची दारूची शिंगडी, जुनं चित्र, कापडाच्या खरेदीचा मोडी कागद, असं काही असेल तर दिवसाच्या उजेडात फोटो काढून पाठवा. फ्लॅश मारू नका, रंग खोटा येतो. शेजारी एक पांढरा कोरा कागद ठेवा म्हणजे मूळ छटा ताडून बघता येते. असईच्या गोलंदाजांची शेवटची बारा माणसं माझ्याकडं अजून अस्तरावरच आहेत, राखाडी.